दिवाळीत सहा जणांनी नाशिकहून नागपूरला जायचे आहे. प्रवास कसा आखावा?

अमृतधामकर (प्रश्न)

नमस्कार. यंदाची भाऊबीज, म्हणजे ११ नोव्हेंबर २०२६, नागपूरला माझ्या धाकट्या बहिणीकडे करायची असे घरात ठरले आहे. आम्ही सहा जण आहोत: वडील ७४ वर्षांचे, आई ७० वर्षांची, मी, पत्नी, दहा वर्षांची मुलगी आणि सहा वर्षांचा मुलगा. आईला गुडघ्यांचा त्रास आहे आणि वडिलांना रक्तदाबाची गोळी वेळेवर घ्यावी लागते. मला सोमवारी, १६ नोव्हेंबरला कामावर हजर व्हायचे आहे. धनत्रयोदशीला, म्हणजे शुक्रवारी ६ नोव्हेंबरला, संध्याकाळी कार्यालयातून सुटलो की लगेच निघावे असे सध्या डोक्यात आहे.

अजून ऑगस्टच चालू आहे, एवढ्या लवकर का विचारतो आहे, असे कोणाला वाटेल. त्याचे कारण मागच्या दिवाळीत आहे. मागच्या वेळी आम्ही ऐनवेळी एका खासगी बसची तिकिटे काढली होती. नाशिकच्या द्वारका चौकात रात्री साडेआठला बस येणार होती. फोन केला की "दहा मिनिटांत येते" एवढेच उत्तर मिळायचे आणि ती बस प्रत्यक्षात पावणेबाराला आली. तोवर आई रस्त्याच्या कडेला फराळाच्या पत्र्याच्या डब्यावर बसून होती, कारण बसायला दुसरे काहीच नव्हते, आणि मुलगा माझ्या खांद्यावर झोपून गेला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी नागपूरला उतरलो तेव्हा आईचे दोन्ही पाय घोट्यापासून सुजले होते. दिवाळीचे पुढचे दोन दिवस ती आतल्या खोलीत पाय उशीवर ठेवून पडून राहिली. ती काही बोलली नाही, पण "पुढच्या वर्षी तुम्हीच जाऊन या, मी घर सांभाळते," असे तिने म्हटले तेव्हा मला फार वाईट वाटले. तिने यंदा यावे आणि तिला तो प्रवास जड जाऊ नये, एवढीच माझी इच्छा आहे.

रेल्वे, समृद्धी महामार्गाने स्वतःची गाडी, की एसटी, यांपैकी काय निवडावे? आमच्याकडे सात आसनी गाडी आहे, परंतु इतक्या लांबचा पल्ला मी एकट्याने कधी चालवलेला नाही आणि पत्नी गाडी चालवत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

जुना आरक्षण लिपिक, नाशिक रोड

मी आरक्षणाच्या खिडकीमागे ३१ वर्षे काढली आहेत, त्यामुळे रेल्वेपुरते बोलतो. मात्र आधी वाहनाचा नव्हे, दिवसाचा विचार करा असे मला सांगावेसे वाटते. तुम्हाला पोहोचायचे आहे भाऊबीजेला, म्हणजे बुधवारी. मग शुक्रवारी धनत्रयोदशीला निघण्याची घाई कशासाठी? लक्ष्मीपूजन रविवारी, ८ नोव्हेंबरला आहे. शुक्रवारी संध्याकाळी सुट्टी लागते, लक्ष्मीपूजनाच्या आत प्रत्येकाला आपल्या घरी पोहोचायचे असते आणि म्हणून वर्षातली सर्वांत मोठी झुंबड त्या एका संध्याकाळी उडते. खिडकीमागे बसून मी हे दर वर्षी पाहिले आहे: लक्ष्मीपूजनाच्या आधीच्या दोन-तीन दिवसांसाठी रांगेत भांडणे होत आणि लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशीच्या गाडीला, वेळेत विचारणाऱ्याला, बहुधा जागा मिळे. तुम्ही अभ्यंगस्नान आणि लक्ष्मीपूजन आपल्याच घरी करावे आणि सोमवारी, ९ नोव्हेंबरला, रात्रीच्या गाडीने निघावे. मंगळवारी पाडव्याला सकाळी नागपूरला पोहोचाल आणि गाडीला चार-पाच तास उशीर झाला तरी भाऊबीजेला धक्का लागणार नाही. हा मधला एक मोकळा दिवस हाताशी असणे मला फार महत्त्वाचे वाटते, कारण गाडीच्या उशिरापेक्षा त्या उशिराने आपले काहीतरी चुकणार आहे ही धास्ती माणसाला अधिक थकवते.

आता आरक्षण. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आणलेली आहे आणि त्यात प्रवासाचा दिवस धरत नाहीत. या हिशेबाने ९ नोव्हेंबरच्या गाडीचे आरक्षण गुरुवारी १० सप्टेंबरला सकाळी आठ वाजता खुले होईल. परतीसाठी गुरुवार, १२ नोव्हेंबरची रात्र धरलीत, तर ते आरक्षण १३ सप्टेंबरला खुले होते, म्हणजे गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी. घराघरांत मखराची आणि मोदकांची तयारी चाललेली असताना दिवाळीच्या परतीच्या तिकिटाची आठवण कोणाला राहत नाही, आणि जाण्याचे तिकीट हातात असून परतीचे नाही, अशी पंचाईत मी शेकडो कुटुंबांची पाहिली आहे. तारखा आजच लिहून ठेवा. आरक्षण खुले होते त्या दिवशी आधार पडताळणी झालेल्या खात्यांवरूनच ऑनलाइन तिकीट निघते, तेव्हा तुमच्या खात्याची पडताळणी याच आठवड्यात उरकून घ्या आणि सहाही जणांची नावे व वये प्रवाशांच्या यादीत आधीच भरून ठेवा; ऐन आठ वाजता वय टंकत बसण्यात गेलेली दोन मिनिटे महागात पडतात.

विदर्भ एक्स्प्रेस रात्री नाशिक रोडला येते आणि सकाळी नागपूरला पोहोचवते, म्हणून तुमच्यासाठी मला तीच सोयीची वाटते. सेवाग्राम एक्स्प्रेस संध्याकाळी येते, पण ती नागपूरला फार लवकर पोहोचते आणि थंडीच्या दिवसांत अंधारात ज्येष्ठांना उतरवणे बरे नव्हे. या गाड्या मुंबईहून सुटतात, त्यामुळे नाशिक रोडपासूनच्या तिकिटांना वाट्याला येणाऱ्या जागा मुंबईपासूनच्या तिकिटांपेक्षा कमी असतात, आणि मधल्या स्थानकांच्या सामायिक कोट्यातली प्रतीक्षायादी मूळ स्थानकाच्या यादीइतकी पुढे सरकत नाही. नाशिक रोडपासून वेटिंग दिसू लागले, तर मुंबईपासून तिकीट काढून चढण्याचे स्थानक, म्हणजे बोर्डिंग, नाशिक रोड असे तिकीट काढतानाच नोंदवता येते. १८७ किलोमीटरचे भाडे वाढते, परंतु जागा निश्चित होते. बोर्डिंग नोंदवायला मात्र विसरू नका. ते नोंदवले नाही आणि मुंबईपासून बर्थ रिकामा दिसला, तर टीसी तो दुसऱ्याला देऊ शकतो आणि मग आपल्याला काही बोलता येत नाही.

सहा जणांचे तिकीट एकाच पीएनआरवर काढण्याचा मोह होईल, तो टाळावा. साठ वर्षांवरील पुरुष आणि पंचेचाळीस वर्षांवरील स्त्रिया यांच्यासाठी खालच्या बर्थचा वेगळा कोटा असतो, परंतु त्या तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी आणि तेही त्याच वयोगटातले असावे लागतात. आईवडिलांसोबत तुमचे नाव घातले, की तो कोटा लागू होत नाही आणि मग सत्तरीच्या बाईला मधला बर्थ येतो. म्हणून आईवडिलांचे दोघांचे एक तिकीट त्या कोट्यातून काढा, मग तुमचे चौघांचे दुसरे काढा आणि त्यात पसंतीचा डबा म्हणून आईवडिलांना मिळालेला डबा नोंदवा. बर्थचे क्रमांक आले, की आठाच्या हिशेबाने पाहावे: १ आणि ४, ९ आणि १२, १७ आणि २० हे खालचे, ७, १५, २३ हे बाजूचे खालचे. गुडघे दुखणाऱ्याला बाजूचा खालचा बर्थ मी सुचवत नाही, कारण तो आखूड वाटतो आणि ये-जा करणाऱ्यांचे धक्के लागतात.

ज्येष्ठांना भाड्यात मिळणारी सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, तेव्हा ती हिशेबात धरू नका. मुलांचे म्हणाल, तर पाच वर्षे पूर्ण झाल्यावर बारा वर्षांच्या आत अर्धे तिकीट काढता येते, पण त्यात बर्थ मिळत नाही. दहा-अकरा तासांच्या रात्रीच्या प्रवासात सहा वर्षांचा मुलगा आईच्या कुशीत झोपवला, तर दोघांचीही झोप होत नाही. दोन्ही मुलांना पूर्ण भाडे भरून स्वतंत्र बर्थ घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

तत्काळच्या भरवशावर मात्र राहू नये. वातानुकूलित वर्गासाठी आदल्या दिवशी सकाळी दहाला आणि शयनयानासाठी अकराला ते खुले होते, एका तिकिटावर चारच जण बसतात आणि निश्चित झालेले तत्काळ तिकीट रद्द केले तर पैसे परत मिळत नाहीत. सहा जणांचे कुटुंब त्यावर अवलंबून ठेवणे म्हणजे मागच्या वर्षीचीच पुनरावृत्ती होईल. सणासाठी विशेष गाड्याही सुटतात, त्यांचा क्रमांक शून्याने सुरू होतो. त्यांत जागा मिळू शकते, परंतु नियमित गाड्यांना वाट देत त्या रखडतात, त्यामुळे ज्येष्ठ सोबत असताना मी त्यांचा विचार शेवटी करीन.

सातपूरवाला

लिपिककाकांनी रेल्वेचे इतके नीट सांगितले आहे, की त्यात भर घालण्यासारखे माझ्याकडे काही नाही. मी समृद्धीने नागपूरला चार वेळा स्वतः गाडी चालवत गेलो आहे, तो अनुभव सांगतो, म्हणजे तुम्हाला दोन्ही बाजू तोलता येतील.

शिर्डी ते नागपूर हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी, त्यामुळे ७०१ किलोमीटरचा पूर्ण रस्ता आता वापरात आहे. आपण नाशिककर साधारणपणे सिन्नरजवळून चढतो. रस्ता उत्तम आहे, यात शंका नाही. परंतु तो इतका सरळ आणि एकसारखा आहे, की वैजापूर ओलांडल्यावर तासभराने डोळे उघडे असूनही मन झोपू लागते. गावे नाहीत, चौक नाहीत, समोरून येणारे वाहन नाही. पायाला आणि हाताला काम उरत नाही. दुसऱ्या फेरीत जालन्याच्या पुढे मला अचानक जाणवले, की मागचे वीस-पंचवीस किलोमीटर मी कसे चालवले ते मला आठवतच नव्हते. मी पुढच्याच ठिकाणी बाहेर पडलो, गाडी उभी केली आणि अर्धा तास चाललो. त्या दिवसापासून मी एकटा चालक असेन, तर हा पल्ला एका दमात करत नाही, आणि रात्री तर मुळीच करत नाही. १ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ खासगी बसला अपघात होऊन लागलेल्या आगीत २५ प्रवासी गेले, ते या रस्त्यावर रात्री निघताना प्रत्येकाने आठवावे.

तुमच्या घरी दुसरा चालक नाही, एवढ्या एका कारणासाठी मी तुम्हाला गाडी घेऊन जा असे म्हणणार नाही. कोणी भाचा किंवा मेहुणा सोबत येऊन अर्धे अंतर चालवणार असेल, तर गोष्ट वेगळी. तसे झाले, तर पहाटे साडेपाचला निघा. टायरांची हवा गार असताना तपासून घ्या आणि टायर पाच-सहा वर्षांचे झाले असतील तर आधी बदला, कारण काँक्रीटवर सलग वेगाने टायर तापतो आणि जुना टायर तिथेच दगा देतो. मोटारीला ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. मी शंभरच्या आत चालवतो आणि पूर्ण प्रवासात त्याने फार तर एक तास जास्त लागतो. टोल अंतरानुसार बाहेर पडताना कापला जातो, म्हणून फास्टॅगमध्ये पुरेशी रक्कम आधी भरून ठेवावी. आईसाठी दर दीड-दोन तासांनी थांबावे लागेल, पण मनात येईल तेथे थांबता येत नाही, म्हणून थांबण्याची ठिकाणे घरीच ठरवून निघा आणि जेवणाचा डबा सोबतच ठेवा.

आणखी एक. वाटेत मालेगावची पाटी दिसते. ते वाशीम जिल्ह्यातले मालेगाव आहे, आपले नव्हे. माझे वडील ती पाटी पाहून, आपण उलट्या दिशेला आलो की काय, म्हणून घाबरले होते. सोबतच्या ज्येष्ठांना ते आधीच सांगून ठेवा.

अमृतधामकर

दोघांचेही मनापासून आभार. लिपिककाका, भाऊबीजेला पोहोचायचे असताना मी धनत्रयोदशी धरून बसलो होतो, हे तुम्ही दाखवेपर्यंत माझ्या लक्षातच आले नव्हते. मागच्या वर्षी तसे निघालो, म्हणून यंदाही तसेच, एवढाच माझा विचार होता. आज आईला विचारले, तर ती म्हणाली, की लक्ष्मीपूजन आपल्या देवघरासमोर व्हावे असे तिला दर वर्षी वाटते, पण नातवंडांची सुट्टी वाया जाऊ नये म्हणून ती बोलत नव्हती.

गाडीचा विचार मी सोडला आहे. आता एक शंका आहे. रात्रीच्या गाडीत आई शौचालयाला जाण्याच्या भीतीने पाणीच पीत नाही आणि वडिलांना अनोळखी ठिकाणी झोप लागत नाही. शिवाय सामान फार होते. मागच्या वेळी नऊ नग होते. याबाबत कोणी सांगू शकेल का?

इंदिरानगरची सून

दादा, तुमच्या आईंबद्दल वाचले आणि माझ्या सासूबाई डोळ्यांसमोर आल्या. त्यांनाही गुडघ्यांचा त्रास आहे आणि त्यांना घेऊन आम्ही दर वर्षी अकोल्याला जातो, त्यामुळे या गोष्टी मी एकेक करून शिकले आहे.

पाणी न पिणे हेच पाय सुजण्याचे आणि डोके दुखण्याचे एक कारण होते, असे आमच्या डॉक्टरांनी सांगितले होते. दुसरे कारण तासन्‌तास पाय खाली लोंबकळत ठेवून बसणे. सासूबाईंना "पाणी प्या" असे म्हणून उपयोग होत नाही, हे मला दोन वर्षांनी समजले. त्यांना भीती पाण्याची नसते, तर हलत्या गाडीत, ओल्या फरशीवर, अंधारात एकट्याने जाण्याची असते. म्हणून आता मी गाडीत बसल्या बसल्या, डब्यात उजेड आहे तोवरच, त्यांना एकदा सोबत नेऊन आणते. कुठे धरायचे, दार कोणत्या बाजूला उघडते, ते दाखवते आणि "रात्री कितीही वाजता मला हाक मारा, मी जागीच असते" असे सांगते. माझा बर्थ त्यांच्या समोरचा असतो आणि मी खरोखर उठते. पायात रबरी तळव्याची, मागे पट्टा असलेली चप्पल असते. त्यानंतर त्या आपण होऊन घोट घोट पाणी पिऊ लागल्या. तुमच्या पत्नीला शक्य असेल, तर हे त्यांनीच करावे; लेकाला हाक मारायला आईला संकोच वाटतो.

औषधे मोठ्या बॅगेत कधीही ठेवू नका. आम्ही एका लहान कापडी पिशवीत प्रवासाच्या दिवसांपेक्षा तीन दिवसांची जास्त औषधे, डॉक्टरांच्या चिठ्ठीचा कागद आणि एक टॉर्च ठेवतो, आणि ती पिशवी सासूबाईंच्या उशाशीच असते. रक्तदाबाची रात्रीची गोळी गाडी येण्याआधी, घरी जेवण झाल्यावर द्यावी. फलाटाच्या गडबडीत ती हमखास राहते. आईवडिलांच्या दोघांच्याही खिशात एक मराठीत लिहिलेली चिठ्ठी ठेवा: गाडीचे नाव, डबा, बर्थ, तुमचा आणि बहिणीचा मोबाइल क्रमांक. गर्दीत फोन बंद पडला किंवा चुकामूक झाली, तरी तो कागद बोलतो. सासरेबुवांना आधी ते अपमानाचे वाटले होते, पण आता ते स्वतःच ती चिठ्ठी मागून घेतात.

वडिलांच्या झोपेबद्दल एवढेच सांगेन, की घरची चादर आणि घरची उशीची खोळ सोबत न्या. आमच्याकडे त्याने पुष्कळ फरक पडला. मधला बर्थ रात्री दहा ते सकाळी सहा एवढ्याच वेळात लावायचा असतो, तेव्हा सहानंतर कोणी झोपून राहिले आणि वडिलांना खाली ताठ बसता येईना, तर नम्रपणे सांगावे, लोक ऐकतात.

आता सामान. नऊ नग सहा जणांत, त्यांतले दोन ज्येष्ठ आणि दोन मुले, म्हणजे उचलणारे हात तुम्हा दोघांचेच. नाशिक रोडला गाडी थोडी मिनिटेच थांबते. तेवढ्यात आईंना चढवायचे की डबे चढवायचे? आम्ही ठरवून टाकले आहे, की चार नगांच्या वर जायचे नाही. फराळाचे डबे आणि बहिणीच्या साड्या मी आठवडाभर आधी टपाल खात्याच्या पार्सलने पाठवते. शंकरपाळी, शेव, रव्याचे लाडू व्यवस्थित पोहोचतात. चकली आणि अनारसे मात्र पाठवू नयेत, त्यांचा चुरा होतो. ती मी तिथे जाऊन नणंदेबरोबर करते, आणि खरे सांगायचे तर दिवाळीतली ती सर्वांत सुखाची दुपार असते. ओवाळणी मात्र जवळच ठेवायची.

निघण्याच्या दिवशी घरात मोठा स्वयंपाक करू नका. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी घरातल्या बाईचे हात आधीच दमलेले असतात. दुपारी मऊ खिचडी आणि रात्री पोळी-भाजी पुरे. आकाशकंदील आणि विजेच्या माळा बंद करून, सिलिंडरचा रेग्युलेटर फिरवून, किल्ली शेजाऱ्यांकडे देण्यासाठी एक तास मोकळा ठेवा. हा तास ठेवला नाही, की सगळी चिडचिड तिथेच सुरू होते आणि ती नागपूरपर्यंत सोबत येते.

मेरीचा रहिवासी

एसटीबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून थोडक्यात. रेल्वेचे जमले नाही तर एसटीचा पर्याय हाताशी असू द्यावा, विशेषतः टप्प्याटप्प्याने जायचे असेल तर. स्त्रियांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धे आणि ७५ च्या पुढे मोफत; वयाचा पुरावा जवळ हवा. आरक्षण करताना बस नेमकी कोणत्या स्थानकातून सुटते ते पाहून घ्यावे, कारण सीबीएस, ठक्कर बाजार, मेळा आणि महामार्ग ही आपली स्थानके वेगवेगळी आहेत आणि सणाच्या गर्दीत एकातून दुसऱ्यात सामानासह जाणे सोपे नाही.

खासगी बसने मागच्या वेळी तुम्हाला फार भाडे लावले असेल, तर एक माहिती असू द्या: शासनाने एप्रिल २०१८ मध्ये ठरवल्याप्रमाणे खासगी बसला एसटीच्या त्याच प्रकारच्या बसच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त भाडे घेता येत नाही. जास्त घेतले, तर तिकीट जपून ठेवून प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे तक्रार करावी. लोक तक्रार करत नाहीत म्हणून दर दिवाळीला हे चालते, याचे मला मनापासून दुःख होते.

जुना आरक्षण लिपिक, नाशिक रोड

इंदिरानगरच्या ताईंनी सामानाबद्दल लिहिले आहे, त्याला जोडून स्थानकाचे सांगतो. तुम्ही अमृतधामला राहता, तर द्वारकेवरून येऊ नका. नांदूर नाक्यावरून जेल रोडने बिटकोला निघालात, तर द्वारकेची कोंडी टळते. तरीही गाडीच्या वेळेआधी पाऊण तास फलाटावर असावे, अशा बेताने निघा. डबा कोठे येणार ते फलाटावरच्या फलकावर दिसते. आईवडिलांना नेमके त्या जागी बसवून ठेवा, कारण गाडी आल्यावर सात-आठ डबे मागे-पुढे धावणे त्यांना शक्य नाही. चढताना क्रम असा ठेवा: आधी तुमची पत्नी आणि मुलगी, मग आई, मग वडील आणि मुलगा, आणि सामान घेऊन शेवटी तुम्ही. बर्थ कोणी अडवून ठेवला असेल, तर वाद घालत बसू नका, १३९ वर कळवा आणि टीसीला शोधा. त्या आठवड्यात छठसाठी उत्तरेकडे जाणाऱ्यांची मोठी गर्दी भुसावळपर्यंत याच मार्गावर असते. तीही माणसे आपापल्या घरीच निघालेली असतात, पण आरक्षित डब्यात त्यामुळे वाट मिळत नाही, म्हणून जेवण आणि शौचालय गाडीत चढण्याआधी उरकलेले बरे.

अमृतधामकर

ठरले. ९ नोव्हेंबरच्या रात्री निघायचे, १२ नोव्हेंबरच्या रात्री परत निघायचे, म्हणजे १३ ला शुक्रवारी सकाळी नाशिक आणि कामावर जाण्याआधी दोन दिवस विश्रांती. १३ नोव्हेंबरला निघावे असे पत्नी म्हणत होती, पण त्याचे आरक्षण १४ सप्टेंबरला, गणेश चतुर्थीच्या सकाळी आठला खुले होते, आणि त्या वेळी घरात प्राणप्रतिष्ठेची तयारी चालू असते, म्हणून तो विचार आम्ही सोडला.

आईवडिलांचे एक तिकीट आणि आमचे चौघांचे दुसरे. खात्याची आधार पडताळणी आज झाली. नग चारच न्यायचे, हे मुलीने वहीत लिहून सर्वांच्या सह्या घेतल्या आहेत. आईने स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर १० आणि १३ सप्टेंबरला तांबड्या पेनाने गोल केला आणि त्याखाली "रेल्वे, सकाळी ८" असे स्वतःच्या हाताने लिहिले. ती यंदा येणार आहे.

काका, ऑनलाइन नाही जमले तर मी खिडकीवर येईन. तेथे किती वाजता रांगेत उभे राहावे?

जुना आरक्षण लिपिक, नाशिक रोड

१० सप्टेंबर गुरुवार आहे. साडेसहापर्यंत या, भरलेला अर्ज, ओळखपत्र आणि आधारशी जोडलेला मोबाइल सोबत ठेवा. आईवडिलांचा अर्ज वेगळ्या कागदावर भरा आणि खालच्या बर्थचा कोटा हवा असे त्यावर ठळक लिहा. १३ सप्टेंबर रविवार आहे आणि रविवारी खिडकी अर्धाच दिवस चालते, त्यामुळे त्या दिवशी गर्दी लवकर जमते; सहाला आलेले बरे.